मेलबर्न, मुंबईहून अर्धा तास पुढं

१४ नोव्हेंबर, सकाळी
नात मंजुश्री मेलबर्नले राह्यते. जानेवारीत तिचं बाळंतपण. मी जाणार. जानेफळातली चाळीस लेकरं या हातानं न्हाऊ घातली, पणतवंड काऊन दुसऱ्याच्या हाती द्यायचं? मी सांगून राह्यली, सून जयमाला लिहून राह्यली. ती म्हणते, आत्याबाई, दहा हजार किलोमीटर आहे. किलोमीटर विमानानं मोजावे. आपण गाव तासानं मोजतो. मुंबई ट्रॅव्हल्सनं बारा तास. तिथून मेलबर्न साडेबारा. म्हणजे मुंबईपेक्षा अर्धाच तास दूर. सुनेनं पेन खाली ठेवला. उचलायले लावला.

१९ नोव्हेंबर
निश्चय. रोज विमानात बसायची प्रॅक्टिस. प्लास्टिकची खुर्ची, कमरेले ओढणीचा बेल्ट, साडेबारा तास. दिवसभर वाकून सोयाबीन सोंगलेली बाई मी, नुसतं बसणं ते काय.
अकरा वाजता: चाळीस मिनिटं झाली. शेळी मेथीत शिरली म्हणून उतरली. विमानात शेळी नसते, सुनेले विचारून घेतलं.

२३ नोव्हेंबर
मंजुश्रीचा फोन. विमान दुपारी दीडले निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातले पोचते. मी बोटावर मोजलं, अठरा तास. सून म्हणते, तिकडचं घड्याळ साडेपाच तास पुढं. म्हणजे माहे साडेपाच तास ते लोक ठेवून घेणार. ठेवा. येताना वापस घेईन.

१० डिसेंबर, संध्याकाळी
व्हिसाचे बोटांचे ठसे द्यायले आज मुंबई. सुनेचेही देऊन टाकू, विमानात माही पिशवी उचलायले कामी येईल. तिनं गाडी लागायची गोळी पुढं केली. मले गाडी लागत नाही. नाकारली.

१३ डिसेंबर
सून आज परतली, म्हणून आज लिहिणं. मी मेहकरलेच उतरली. जरा गरगरलं. दोष ड्रायव्हरचा, वळणं घेऊन राह्यला होता. समोरच्या सीटवरच्या किसनरावांची टोपी धुऊन देणार आहे. ते म्हणाले, राहू द्या, जनकाबाई, ठेवा तुम्हालेच. भला माणूस. सून एकटी पुढं गेली, ठसे देऊन आली. माहा पाऊण तास तर झाला. मेलबर्नपर्यंतच्या साडेचोवीसातला तेवढा कमी.

१९ जानेवारी
आता पूनम लिहून राह्यली, शेजारची, अंगणवाडीत शिकवणारी. सुनेले मीच पाठवलं. इकडं घरी जबाबदार माणूस लागते.
पणती झाली. आज व्हिडिओ कॉल. सून तिले पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. हात बरा चालत होता, मी शिकवलेलाच. तरी इथून सांगितलं, कानात पाणी जाऊ देऊ नको, मान धर, वं, मान. पोरगी इतका वेळ गप होती, माहा आवाज ऐकला अन् भोकाड पसरलं. मंजुश्रीनं फोनचा आवाज बंद केला, तशी पुन्हा गप.
पूनम खाली मान घालून हसून राह्यली. तिले म्हटलं, हसू नको, लिही. पणतीनं मले ओळखलं.