सांध्यावरचं टेंगूळ

तीर्थस्वरूप मामास,

भाचीचा नमस्कार (वाकून करायचा तो खुर्चीतूनच घडला, मान अवघडली आहे). तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? मामीचा खोकला? बाबांनी माझा आलेख चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलाय आणि येईल त्याला त्यावरचं टेंगूळ बोट ठेवून दाखवतात, हे तुझ्याकडूनच कळलं. तेव्हा त्या टेंगळाची जन्मकथा तुला ऐकावीच लागेल.

आमचा धंदा तुला ठाऊक आहे. जड अणुकेंद्रकं एकमेकांवर आपटायची, त्यातून उडणाऱ्या हजारो कणांचे संवेग मोजायचे आणि कुठल्या संवेगाचे किती कण निघाले याची रेघ काढायची. रेघ घसरगुंडीसारखी खाली येते. मंद कण ढिगाने, वेगवान तुरळक. उभ्या अक्षावर दर पायरीला दसपट, त्यामुळे दुपटीची चूकसुद्धा तिथे करंगळीएवढी दिसते. आमच्यातल्या निम्म्या लोकांची अब्रू या पायऱ्यांनीच राखली आहे.

मंद कण एक यंत्र ओळखतं, वेगवान दुसरं, आणि दोन्हींचे आकडे मध्ये सांधायचे. आमच्या गटप्रमुखांना (आम्ही त्यांना महर्षी म्हणतो, त्यांना ते कौतुक वाटतं) नेमकं त्या सांध्यावर टेंगूळ दिसलं. सांध्यावरच का, हा प्रश्न शिंप्याकडे बाही जोडायला आलेल्या गिऱ्हाइकालाही पडला असता. महर्षींना मात्र तिथे नवं भौतिकशास्त्र दिसलं. लगेच शोधनिबंध लिहायला घेतला (पहिलं नाव माझं, त्या भरात आलेखाची एक प्रत बाबांना धाडली).

मग मी सांध्याजवळचे कण नीट तपासले. दोन्ही यंत्रांना दिसलेला कण आमचा प्रोग्राम दोनदा मोजत होता. दुहेरी मोजणी काढली, टेंगूळ भुईसपाट. बैठकीत हे दाखवलं तर महर्षींनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझा निसर्गावर विश्वास कमी पडतो." सिद्धांतवाले तर टेंगळाला सूत्र बसवून कधीच मोकळे झाले होते (त्यांना भिंतीची भेग दाखवली तरी बसवतील). त्यातच आमच्या प्रतिस्पर्धी गटाने कळवलं की त्यांनाही टेंगूळ सापडलंय, अगदी त्याच जागी. सापडणारच. त्यांनी आमचाच प्रोग्राम उसना नेलाय, सांध्याच्या जागेसकट. महर्षींनी याला स्वतंत्र दुजोरा म्हटलं आणि शहाण्यासुरत्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांची कीव येते की किळस, ते ठरत नाही. मी निबंधावरून नाव काढून घेतलं. माझी नोकरी पुढे चालू राहायला महर्षींचीच सही लागते, ती आता मिळणार नाही. त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण पायऱ्यांच्या आडोशाला लपणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही.

तुझी,
भाची

ता. क. बाबांना हे मीच सांगायला हवं. पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला की माझी जीभ रेटत नाही. तू काही बोलू नकोस.

आणखी एक ता. क. सोबतच्या गुंडाळीत दुरुस्त आलेख आहे, त्याच मापाचा. बाबा दुपारचे झोपले की चौकटीत तेवढा बदलून टाक. पायऱ्या दसपटीच्याच ठेवल्यात, त्यांच्या खुर्चीतून फरक कळायचा नाही. टेंगूळ कुठे गेलं असं विचारलंच, तर डाग होता, पुसला म्हणून सांग. ते तसं खरंच आहे.