प्रभुभोजनाच्या आधी

सुवार्ता,

मायच्या मातीपासून आपला अबोला हाये. तवापासून परतवाड्याच्या चर्चमंदी प्रभुभोजनाची भाकर माह्यापाशी आली का मी ताट पुढं सरकवते. पाळकसाहेब म्हणाले, "इस्तेरबाई, आधी बहिणीले पत्र लिहा, मंग भाकर घ्या."

म्हणून लिहून राहिली. शेवटचे दोन दिवस माय तुलेच बोलावत होती. गू-मूत मी काढलं, अन् हाक तुले! मी तुले अकोल्याले फोनच केला नाही. मायले सांगतलं, "सुवार्ता येत नाही म्हणते." तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

हे पत्र आता बायबलात ठेवते. रविवारी पाळकसाहेब विचारतीन, "लिहिलं का?" मी हो म्हणीन अन् भाकर घेईन. धाडलं का, हे काई ते विचारत नाहीत.

तुही बहीण,
इस्तेर