हर्षदच्या टाकीचा दिवा

प्रिय अंकिता,

तू दर शनिवारी मुंबईहून येऊन वीर स्टेशनला उतरतेस, तिथून रिक्षा, मग पोलादपूर, मग आपलं उमरठ, आणि रविवारी लगेच माघारी. पोरी, तुझे फार हाल होतात. हे थांबावं म्हणून लिहितोय. फोनवर सांगायला गेलो तर तू मला बोलूच देणार नाहीस.

माझा हर्षद देवाघरी गेल्यावर त्याची माशांची टाकी तू आमच्याकडे आणून ठेवलीस. मी मनात म्हटलं, पाण्यातल्या झाडांचं काय एवढं, आपला जन्म भाताची रोपं वाढवण्यात गेला. मग टाकीवरचा दिवा गेला. तुला बोललो नाही. पडवीतली ट्यूब काढून वर टांगली आणि दिवसरात्र चालू ठेवली. काचेवर शेवाळ धरलं, पानं पिवळी पडली. रोप पिवळं पडलं की आम्हाला दोनच औषधं ठाऊक, ऊन आणि युरिया. शेजारच्या सोनबाला हाताशी घेऊन टाकी ओट्यावर उन्हात नेली. युरियाची मूठही भरली होती, पण तुझ्या सासूने, रंगूने हात धरला. म्हणाली, हे काय शेत नाय, पोरीने विश्वासाने दिलेलं हाय. म्हणून मासे वाचले. शेवाळ मात्र असं माजलं की मासे दिसेनात. त्या शनिवारी टाकी परत आत आणून रंगूने वर चादर टाकली आणि मासे झोपलेत म्हणून तुला सांगितलं. तू ऐकलंस पण.

शेवटी महाड गाठलं. दुकानात मला जांभळा-निळा, गणपतीच्या रोषणाईसारखा दिवा आवडला होता. दुकानदाराने आधी झाडांचा फोटो मागितला, टाकी किती खोल ते विचारलं. म्हणाला, ही झाडं सावलीतली, सावकाश वाढणारी. जास्त उजेड दिलात तर त्यावर शेवाळच पोसेल. मग दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची साधी एलईडी पट्टी घेतली, पाण्याच्या वर वीतभर उंचीवर बसवली. टायमरही घेतला, सहा-सात तासांनी दिवा आपला आपण बंद होतो. हर्षद असता तर पोट धरून हसला असता मला. त्याची फार आठवण आली. दुकानातच डोळे पुसले.

आता शेवाळ हटलंय, नवी पानं फुटलीत. रंगू भाजी निवडायला तिथेच बसते. टाकीची काळजी नको, आमचीही नको. माझ्यामागे आईबाबांना कोण बघणार, त्या टाकीला कोण बघणार, असं तू भरतला म्हणालीस ना? तुझ्या ऑफिसातला तो भरत मागच्या आठवड्यात इथे येऊन गेला. चहा घेतला. मग म्हणाला, अंकिताला मी आवडतो, पण ती तुमच्यासाठी लग्नाला नाही म्हणते. रंगू रडली. मीही रडलो. पण माणूस आम्हाला पटला.

त्याला हो म्हण. दुसरं लग्न म्हणजे रात्रीचं, गुपचूप, वाजंत्रीशिवाय उरकायचं, असं अजून काहीजण सांगतील. मला ते चालणार नाही. आपल्या दारात मांडव घालीन आणि भर दिवसा लग्न लावीन. तुझे वडील नाहीत, तेव्हा कन्यादानाला मी आणि रंगू बसू. तेवढा मान आम्हाला दे, पोरी.

तुझाच,
बाबा