पाठीवरचा डबा

आप्पा, येत्या शनिवारी ऑफिसातल्या पंधरा जणांना घेऊन मी डिंभे धरणाच्या पाण्यावर चालले आहे. दोघांनी वल्हवायच्या अरुंद, हलक्या होड्या असतात, कायाक म्हणतात त्यांना. तशा आठ ठरवल्या आहेत, आणि मुक्कामाला काठावर तंबू. सगळी आखणी माझ्या गळ्यात पडली, कारण काय, तर "तू तिकडचीच ना!" आपलं लोणी गाव त्या पाण्यापासून किती लांब आणि किती कोरडं, हे पुण्यातल्या माणसांना कोण सांगणार? पहाटे निघायचं, वाटेत पेठ गावात नाश्ता करायचा, ऊन चढायच्या आत पाण्यात उतरायचं. होडीवाला फोनवर म्हणाला, "म्याडम, दुपारी वारं लई सुटतं. तवर सगळी काठाला पायजेत." तेही लिहून घेतलं. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना आहे, पोहता येतं का. काम तिथेच अडलं.

ऑफिसात टेलिफोनवर बसणाऱ्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या. कधी पाण्यात उतरलेल्या नाहीत, सहलीलाही कधी गेलेल्या नाहीत, पण या वेळी यायची हौस दांडगी. परवा चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "खरं सांग हं, पाणी किती खोल आहे? कमरेएवढं असेल तर येते." कमरेएवढंच, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यावर त्या आल्या असत्या, मजेत परतल्याही असत्या. "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली, आणि तुम्ही आठवलात.

माझ्या लहानपणची दिवाळीची सुट्टी आहे, विहीर तुडुंब. पायऱ्यांवर बसून तुम्ही तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड डांबरानं बंद केलेला, माझ्या पाठीला दोरीनं बांधताय. वस्तीवरची पोरं तुमच्याकडेच पोहायला शिकली, मुलगी मी पहिलीच. थोरली काकू वरून ओरडते, "भावजी, पोरीला पव्हायला शिकवून काय करायचं? विहिरीत नांदायला धाडायची व्हय?" तुम्ही गाठ आवळत म्हणता, "कुठंबी नांदू दे, वहिनी. पाणी काय सासर बघून येतंय?" चौथ्या दिवशी मी पाच फेऱ्या मारून वर आले, आणि तुम्ही सगळ्यांसमोर हसत सांगितलंत, "डबा गळका हाय, परवापास्नं. मीच खिळ्यानं भोक पाडलंय. तुझी तूच पवतियास!" पोरांनी टाळ्या पिटल्या. "फसवलं" म्हणत मी रडले, डबा ओढून काढला आणि तुमच्या अंगावर फेकला. "पाण्यापाशी राग चालत नाय," तुम्ही दरडावलंत. मी त्या विहिरीत परत उतरले नाही. सुट्टी संपेपर्यंत तुम्ही रोज सकाळी एक नवा, न गळणारा डबा घेऊन पायऱ्यांवर बसायचात. मी दारातून बघायचे आणि आत जायचे. पुढे चार वर्षांनी तुम्ही गेलात. पुण्यात पोहण्याच्या तलावात एकटीच उतरले तेव्हा हात आपोआप चालले, पण हे सांगायला तुम्ही नव्हता.

काल मी बाईंना खरं ते सांगितलं. "खोल आहे. पाय टेकणार नाहीत. पण अंगात जाकीट असतं, त्यानं माणूस वर राहतो. आणि मी तुमच्याच होडीत, तुमच्या मागे." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मला वाटलं, संपलं, आता येत नाहीत. मग म्हणाल्या, "त्या जाकिटाचे पट्टे कोण बांधणार?"

"मी."

"घट्ट?"

"घट्ट."

"मग लिही नाव. आणि पोहता येत नाही असंही लिही, त्यात लाजायचं काय!"

त्यांच्यापुढे 'नाही' लिहिलं, माझ्यापुढे 'होय'. हे सगळं त्याच यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे. ती माझ्याच पिशवीत राहणार, तुमच्यापर्यंत कसली पोचतेय. म्हणून एवढं सांगून टाकते. डबा गळका आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पायऱ्या चढताना डब्यातून पाठीवर पाण्याची बारीक धार उतरायची. मी बोलले नाही. बोलले असते तर सकाळी माझ्या मागे बसून दोरीची गाठ मारणं तुम्ही थांबवलं असतं.