मेण लावलेलं नळकांडं

प्रिय नाना,

तुम्ही गेल्याला चार वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. सकाळी देवाला फुलं वाहताना एक फूल तुमच्या फोटोला वाहायचं, दोन शब्द बोलायचे आणि शाळेत शिकवायला जायचं, असं छान चाललं होतं. आता मी कुकटपल्लीला तुमच्या लेकाकडे, सुधीरकडे आहे आणि त्याच्या हॉलमधला तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. तुमच्या त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघून मला हे बोलता येणार नाही. म्हणून लिहितेय.

आणि आजच लिहायला हवं. उद्या सकाळी सालेहा आपांकडे पाया खणायला मजूर येणार आहेत.

आधी आपल्या घराचं सांगते. पुराचं पाणी दारातून आलं नाही, नाना. संडासातून आलं! भांड्यात बुडबुडे आले, मग काळं पाणी उसळायला लागलं. मग न्हाणीच्या मोरीतून, मग ओट्याच्या सिंकमधून. रस्त्यावरचं पाणी मागाहून आलं. मी सर्टिफिकिटांची पिशवी छातीशी धरून गच्चीवर पळाले. समोरच्या घरातून आपा कमरेएवढ्या पाण्यातून कशाबशा माझ्याकडे आल्या. या वयात! दोन दिवस आम्ही दोघी एका ताडपत्रीखाली बसून काढले. त्यांच्या घराची मागची भिंत पडली तो आवाज आम्ही तिथूनच ऐकला. त्या आवाजानंतर आपा मलाच धीर देत होत्या, "घबराओ नक्को बेटा, ये नाना का घर है. इसकू कुछ नहीं होता."

पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर उघडेना. आत फ्रिज आडवा होऊन दाराला टेकला होता. भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक तेलकट पट्टा, आणि त्याच्या खाली सगळं एकाच रंगाचं. त्या रंगाला नाव नाही. कामाला आलेली अंजम्मा नाकाला पदर लावून "कंपु कंपु" करत बाहेर पळाली आणि अंगणातच ओकली. तिच्या भाषेत घाण वासाला कंपु म्हणतात, पण त्या वासाला तो शब्दही कमीच आहे.

काय काय सांगू? तांदळाचा डबा फुगून फुटला होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. गादीत इतकं पाणी मुरलं होतं की चौघांना ती उचलवेना, आणि उचलली तशी तिच्यातून घाणीची धार लागली. कपाटातली पुस्तकं फुगून अशी घट्ट बसली होती की एकही निघेना, शेवटी सुधीरनं लोखंडी सब्बलीनं फोडून काढली. आईच्या लग्नातल्या शालूचा रंग बाकीच्या साड्यांना लागलेला. आणि देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, एक मेलेली घूस! मी किंचाळलेसुद्धा नाही. हातात प्लास्टिकची पिशवी घातली, तिला शेपटीनं उचललं आणि बाहेर फेकलं. नंतर मात्र दिवसभर माझ्याच हाताची मला शिसारी येत राहिली. अजूनही येते. साबण लावते, लिंबू चोळते, जेवायला बसले की पुन्हा तोच वास.

त्यात एक पुढारी आला. गमबूट घालून, चार पोरं आणि एक फोटोवाला घेऊन. माझ्या हातात चिंचभाताचं, पुलिहोऱ्याचं पाकीट ठेवलं आणि पाकीट न सोडताच फोटोवाल्याकडे बघत राहिला. फोटो निघेपर्यंत आम्ही दोघं एकाच पाकिटाला धरून उभे! मला त्याची किळस आली. तेव्हा मला वाटलं होतं की या चिखलात याच्याहून किळसवाणं काही निघणार नाही.

या सगळ्या दिवसांत आपा रोज आपल्याकडे येत होत्या. त्यांचं स्वतःचं घर अर्धं पडलेलं, शिलाई मशीन चिखलात गेलेलं, आणि त्या फावडं घेऊन माझ्या स्वयंपाकघरातला गाळ ओढत होत्या. त्यांचे यजमान महमूदसाब तुमच्या ऑफिसात कारकून होते, तुमच्या शब्दावर त्यांनी समोरचा प्लॉट घेतला, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला कौतुकानं सांगतात. परवा म्हणाल्या, "बेटा, परमिशनवाले पुराना नक्शा पूछ रैं. नाना के पास असली रैता बोलते थे. जरा देखो ना." त्यांना त्याच जागेवर पुन्हा बांधायचंय. मुलगी सौदीहून म्हणते इकडे ये, पण आपांना महमूदसाबांनी घेतलेली जागा सोडवत नाही.

तुमचे नकाशे! त्यांच्याशिवाय आमचं लहानपण आठवतच नाही. सर्वेच्या ऑफिसात तुम्ही ड्राफ्ट्समन. रद्द झालेले ट्रेसिंगचे कापडी नकाशे साहेबांची चिठ्ठी घेऊन घरी आणायचात. चिठ्ठीशिवाय ऑफिसची पेन्सिलसुद्धा आणली नाहीत, हे आई अभिमानानं सांगायची. आई ते निळसर, कडक कापड सोडा घालून उकळायची. त्याची खळ निघून जायची, बहुतेक शाई निघून जायची आणि खाली उरायचं ते कसलं सुरेख मलमल! आमचे रुमाल त्याचेच, सुधीरची झबली त्याचीच. एखादी नदी, एखादी गावाची हद्द काही केल्या जायची नाही. माझ्या रुमालावर एक आख्खा ओढा होता, आणि शाळेत मुली विचारायच्या की हे काय ग. मी ऐटीत सांगायची, आमच्या नानांनी काढलंय.

तर आपांसाठी नकाशा शोधायला बसले. तुमच्या लाकडी पेटीतले सगळे नकाशे एकमेकांना चिकटून त्यांचा बुळबुळीत गोळा झाला होता. हात घातला की शेंबडासारखी खळ बोटांना लागायची. एकही वाचला नाही. मग फ्रिजच्या मागे एक जस्ताचं नळकांडं सापडलं. ते पाण्यावर तरंगत तिथे जाऊन अडकलं होतं. झाकणावर मेण ओतलेलं, वरून पट्टी गुंडाळलेली, पट्टीवर पुन्हा मेण. सुरीनं खरवडून उघडलं. आत खडखडीत कोरडं कापड! मी आनंदानं ओरडले, नाना. म्हटलं, बघा, आमचे नाना किती पुढचा विचार करणारे.

ते कापड उघडलं आणि वाचलं.

आपल्या कॉलनीचाच नकाशा. सगळे प्लॉट, त्यांचे नंबर, तुमचं ते मोत्यासारखं अक्षर. आणि सगळ्या प्लॉटांना कवेत घेणारी एक जाड निळी रेघ. आत लिहिलंय, "शिखम." तलावाच्या पोटातली जमीन म्हणजे शिखम, तिथे घर बांधायचं नसतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. आपलं घर त्या रेघेच्या आत. आपांचं तर पार मध्ये. खाली कोपऱ्यात, बारीक मराठीत, तुमची सही आणि एक ओळ. "तलावाची हद्द वगळून दुसरी प्रत काढून दिली."

कॉलनीच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत लावलेली ती दुसरी प्रत. दर पंधरा ऑगस्टला तिच्याखाली खुर्च्या मांडून आम्ही बसतो.

काढून दिलीत? कोणाला दिलीत? आणि बदल्यात काय, तर आपला कोपऱ्यावरचा प्लॉट? चिठ्ठीशिवाय पेन्सिल न आणणारे तुम्ही! मला खरंच ओकारी आली, नाना. घूस उचलताना आली नव्हती ती तुमचं अक्षर वाचून आली.

आणि मग एकेक आठवायला लागलं. प्लॉट दाखवायला तुम्ही आम्हाला स्कूटरवरून घेऊन आलात तेव्हा तिथे बगळे होते. लव्हाळी होती. सुधीरनं दगड मारला तर पाण्याचा आवाज आला होता. मी विचारलं, "नाना, हे पाणी?" तुम्ही म्हणालात, "पावसाचं साचलंय, जाईल." एप्रिल महिना होता! मी पंधरा-सोळा वर्षांची, मला एप्रिल कळत नव्हता? पुढे बोअर खणली तर लगेच पाणी लागलं. बाकीचं शहर टँकरची वाट बघायचं आणि आपली कॉलनी मिरवायची की आमच्याकडे पाणी किती वर! तुम्ही तेव्हा काही बोलायचा नाहीत. आम्हाला वाटायचं, नाना किती विनयी.

आपल्या घराचा जोता तुम्ही तीन पायऱ्या उंच घेतलात. मिस्त्री हसला होता, आईसुद्धा म्हणाली की चढउतर कोण करणार. तुम्ही हट्टानं घेतलात. महमूदसाब मात्र रस्त्याच्या पातळीत बांधत होते, तुम्ही रोज संध्याकाळी तिथे उभं राहून त्यांच्याशी चहा प्यायचात, आणि त्यांना एक पायरीसुद्धा चढवायला सांगितली नाहीत. कसा गेला तुमच्या घशाखाली तो चहा?

हे कापड तुम्ही जाळलं का नाहीत? आईकडे दिलं असतंत तरी तिनं न विचारता उकळून रुमाल केले असते. फाडायची हिंमत नाही, दाखवायचीही नाही. मग पेटीतल्या बाकीच्या सगळ्या नकाशांना सोडून या एकालाच मेण लावलंत. पाणी येणार हे तुम्हाला ठाऊक होतं! आम्ही तिथेच झोपायचो, नाना. आई तिथेच गेली.

आता माझं ऐका. तेही काही चांगलं नाही.

नळकांडं उघडलं त्याच संध्याकाळी आपा आल्या. "मिला क्या बेटा?" मी म्हटलं, "नहीं आपा, सब सड़ गया." कसं सहज निघालं तोंडातून! त्या म्हणाल्या, "जान दो, मजदूर परसों आ रैं, कागज बाद में देखते. तुम परेशान नक्को हो." आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चिखलाचा हात, आणि मला तो चिखल पुसावासा वाटला नाही. स्वतःचीच शिसारी आली. तुमचीच मुलगी आहे, यात शंका नको.

सुधीरला दाखवलं. त्यानं ते वाचलं आणि गुंडाळून माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाला, "आता हे ठेवून काय करायलीस तू? गेलेल्या माणसाला कायको खेचू लागलीस? आईनं केलं असतं तेच कर की. उकळ." मी म्हटलं, आपा उद्या पाया खणतायत. तो म्हणाला, "नशीब त्यांचं. दरवर्षी थोडंच येतं पाणी? आणि कॉलनीला कळलं की आपलं घर कोण घेतं ग?" अकराव्या मजल्यावर राहतो तो. खिडकीतून त्याला गटार दिसत नाही. पण मला राग आला तो याचा, की त्याचा आवाज अगदी तुमच्यासारखा होता. "पावसाचं साचलंय, जाईल" म्हणणारा.

आज दुपारी मी खरोखर पातेलं ठेवलं. सोडा घातला, पाणी उकळलं. एक कोपरा आत सोडला. खळ सुटायला लागली, पाणी निळसर झालं, आणि उत्तर दिशेचा बाण पुसत चालला. एवढं सोपं असतं, नाना! पाच मिनिटांत तुम्ही पुन्हा स्वच्छ झाला असतात. गाळ ओढणारे आपांचे हात आठवले आणि मी चिमट्यानं कापड बाहेर ओढलं. बोटं भाजली. कोपरा गेला, रेघ सगळी आहे, तुमची ओळही आहे. बाल्कनीत चिमटे लावून वाळत घातलंय. सुधीर दार लावून आत बसलाय.

तुम्ही मला सायकल शिकवलीत, त्रिकोणमिती शिकवलीत, आईच्या आजारपणात तिचे पाय चेपायला रात्ररात्र बसलात. ते सगळं खरं होतं, ते मी नाकारत नाही. हे नसतं तर बरं झालं असतं. पण हेही तुम्हीच केलंत.

तर ऐका, शब्द देते. उद्या सकाळी पहिल्या मेट्रोनं आपल्या मलकपेठला उतरणार आणि मजूर कुदळ लावायच्या आत आपांसमोर हे कापड उघडणार. काल खोटं बोलले, हे आधी सांगणार. मग ही रेघ दाखवणार आणि तुमची ओळ मोठ्यानं वाचणार, कारण त्यांना मराठी वाचता येत नाही. सहीपर्यंत वाचणार. तुमचं नाव गाळणार नाही.

आपा काय म्हणतील, माहीत नाही. कदाचित पुन्हा कधी दार उघडणार नाहीत. त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायला तुम्ही नाही आहात. मी आहे. खाली मान घालून सगळं ऐकेन.

तुमची,
कुमुद