लपवलेला कॉलम

प्रिय ताई,

दार इतक्यात उघडू नकोस. हे पत्र ज्यांनी दाराखालून सरकवलं, त्या बाई आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर आहेत. घाई आहे, तरी तू आधी पूर्ण वाच. त्या थांबतील.

भावोजींना तुझा पत्ता कळला असेल. असेल म्हणतेय, कारण नक्की मलाही माहीत नाही, आणि तेच मला सकाळपासून खातंय. तुझ्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत. त्यांना तू सापडायला नकोस, बास.

सांगते काय झालं ते. मी दवाखान्यात मुलांच्या लसींच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवते ना, ते टायपिंग तूच शिकवलंस, बुटाच्या खोक्याच्या झाकणावर अक्षरं काढून. नववीत बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला, माझ्या तोंडून शब्दच फुटेना, आणि पोरं हसली. त्यानंतर मी शाळेत गेलेच नाही. आई रडली, बाबा ओरडले. तू म्हणालीस, घुमी तोंडानं बोलत नाही ना, मग बोटांनी बोलू दे तिला. ते झाकण अजून माझ्या गादीखाली आहे. एम तू उलटा काढलास, म्हणून माझ्या झाकणावर दोन डब्ल्यू आहेत.

तर यंदा शाळांकडूनही माहिती गोळा करायची होती, पाचव्या वर्षाचा डोस कुणाला मिळाला, कुणाचा राहिला. डॉक्टरमॅडमनी आमची नोंदींची शीट सगळ्या शाळांच्या ऑफिसला लिंकने पाठवली, ज्यानं त्यानं आपापल्या मुलांपुढे भरायचं. पत्त्यांचा कॉलम त्यांनी लपवला होता. लपवला म्हणजे काढला नव्हता, नुसता मिटून ठेवला होता. आमच्याकडे सगळे असंच करतात, दिसत नाही म्हणजे नाहीच असं धरून चालतात. पण ज्याला शीटमध्ये भरता येतं त्याला तो कॉलम उघडताही येतो, हे मला आज डोळ्यांदेखत कळलं. आणि भावोजी ज्या शाळेत क्लार्क आहेत, ती शाळाही त्यात होती. मॅडमना काय माहीत!

शीट कोण कोण बघतंय ते वर गोल गोल फोटोंत दिसतं. सकाळी मी नोंदी चढवत होते आणि एक नवीन गोल उगवला. त्यात भावोजी, आणि त्यांच्या खांद्यावर तुझी लेक. आपली बुटकी, दोन्ही मुठींत त्यांचे केस धरून बसलेली. अजून तोच फोटो ठेवलाय गं. त्यांची हिरवी चौकट, कोण कुठल्या ओळीवर आहे ते दाखवणारी, ओळीओळीनं खाली यायला लागली, सावकाश, कुणी बोट ठेवून वाचतं तशी. बुटकीच्या नावावर येऊन थांबली. मग तो मिटलेला कॉलम माझ्यासमोर उघडला. सगळ्या मुलांचे पत्ते, आणि त्यात तुझा.

मी तुझा पत्ता खोडला आणि आपल्या घरचा टाकला. चौकट तिथेच, हलेना. मग मी उठले आणि लस द्यायच्या खोलीत घुसले. मॅडमच्या हातात सुई, बाळ किंचाळतंय, त्याची आजी म्हणतेय, ए पोरी, रांगेत ये! आणि मी त्या सगळ्यांवर ओरडले, शीट बंद करा! मॅडम माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. पण लगेच सगळ्या शाळांना बाहेर काढलं त्यांनी. नंतर म्हणाल्या, मला वाटायचं तुला आवाजच नाही.

आता भावोजींनी तुझा जुना पत्ता वाचला की मी टाकलेला नवा, कोण सांगणार? नवा वाचला असेल तर ते आपल्या घरी येतील. येऊ देत. मी फोन केलाय, मामा येऊन बसलाय. बाबा हातोडी घेऊन दारात बसलेत, कुणी विचारलं तर खुर्ची दुरुस्त करतोय म्हणणार. खुर्ची चांगली धडधाकट आहे. आई म्हणाली, अहो, आधी ती मोडा तरी. मी इथे लसींच्या फ्रिजवर कागद ठेवून लिहितेय, संपलं की मीही घरीच जाणार. पण त्यांनी जुना वाचला असेल, तर ते तुझ्याकडे निघालेसुद्धा असतील.

सिस्टरची गाडी खाली उभी आहे. तुला आणि बुटकीला त्या त्यांच्या बहिणीकडे नेतील. ते घर कुठे आहे ते कुठल्याच शीटमध्ये नाही, आणि मलाही सांगू नका. तू अनोळखी माणसाला दार उघडणार नाहीस, ते मला माहितीये. आईच्या नावानं मेसेज करून, ती आजारी आहे म्हणून, भावोजींनी तुला एकदा बोलावून घेतलंच होतं ना. तेव्हापासून तू फोनच ठेवत नाहीस, म्हणून हे पत्र. म्हणून झाकणाचं लिहिलं, दोन डब्ल्यूंचं लिहिलं. पण झाकण त्यांनीही कधी पाहिलं असेल, आणि माझ्यासारखं अक्षर कुणीही काढेल. म्हणून एक गोष्ट मी कुठेच लिहिलेली नाही, इथेसुद्धा नाही. लपायला गेलीस त्या दिवशी जिन्यात माझ्या कानात जे म्हणालीस, ते. सिस्टरना ते सांगताना माझी जीभ अडली, तीनदा अडली, पण सांगितलं. आता दाराला कान लाव आणि त्यांना विचार, घुमीनं काय सांगितलंय. तेच शब्द आले तर दार उघड. नाही आले, तर हे पत्र माझं नाही.

तुझीच,
घुमी