छपरावर टँकर

खारीगाव, शनिवार, १३ मे २००६. संध्याकाळचे साडेसहा. ओटीवर पाईप गुंडाळून लिहायला बसलोय.

प्रिय कौस्तुभदादा,

तुझ्यासमोर उभा राहिलो की माझी बोबडी वळते, म्हणून लिहितोय. 'आपलं जुनं घर गळकं निघालं तर बिल्डरच्या कागदावर सही करणार,' असं तू मीरा रोडहून फोनवर म्हणालास. उद्या त्याला घेऊनच येणार आहेस. पावसाला अजून अवकाश आहे, म्हणून मी आज टँकर मागवला.

गेले पंधरा दिवस कौलं उतरवून घर शाकारत होतो. प्रत्येक कौल आपल्याच जागी परत बसावं म्हणून खडूने आकडे घातले. शेजारचे दत्तारामकाका हसले, "कौलांची हजेरी घेतोस काय रे, मास्तर?"

आईने घरभर तांदळाचे सुके पापड पसरले. थेंब पडला तर लगेच दिसेल, म्हणाली. मी आढ्यावरून पाणी सोडलं. देव्हाऱ्याजवळचे दोन पापड भिजले. तिथलं तडकलेलं कौल बदललं आणि पुन्हा पाणी सोडलं. तोवर अख्खी आळी ओटीवर जमली होती. सगळे पापड कोरडे! दादा, समोरच्या सात मजली इमारतीच्या भिंतींना ओल आहे, आपल्या घराला नाही.

इथपर्यंत आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कागद कशाला? उद्या येतय ना, त्याच्याच हातात पाईप दे."

म्हणून हे पत्र तुला देत नाही. सकाळसाठी दुसरा टँकर सांगून ठेवलाय.

तुझा धाकटा भाऊ,
शिवा